शिकाऊ मास्तर

"मुलाला उद्या पाठवा. आधी बघतो, मग सांगतो," गॅरेजवाला गाडीखालूनच म्हणाला.

"मुलाला नाही. मलाच शिकायचंय," शिंपी म्हणाला.

गाडीखालचे पाय हलायचे थांबले. एक तोंड बाहेर आलं आणि शिंप्याच्या पिकलेल्या कानशिलांकडे बघून परत आत गेलं. आत कोणीतरी फिसकन हसलं.

सकाळपासून हेच चाललं होतं. आधीच्या एका ठिकाणी तर त्याला गिऱ्हाईक समजून खुर्ची दिली होती आणि तो कशाला आलाय हे कळल्यावर ती काढूनही घेतली होती.

बायको गेल्यापासून शिंप्याचा पाय घरात ठरत नव्हता. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. माप घेणं आणि कापणं तिचं, मशीन याचं. मध्ये एक टेबल आणि त्या टेबलावरून दिवसभराची बडबड. आता तो मशीनवर बसायचा, सुईत दोरा ओवायचा आणि उठायचा. दारापर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा उठायचा. कापायला एक माणूस ठेवून पाहिला. माणूस चांगला होता, पण तो तिच्या जागी उभा राहायचा. त्याला नको म्हणून सांगितलं. मग लोकांची कापडं न कापताच परत गेली.

मध्ये एकदा त्याची स्कूटर रस्त्यात बंद पडली. जवळच्या मेकॅनिकने त्याच्या हातात बॅटरी दिली आणि सांगितलं, "इथे उजेड धर." शिंप्याने उजेड धरला. एकेक भाग सुटून बाहेर येत होता, पुसला जात होता, परत जागेवर बसत होता. स्कूटर चालू झाली तेव्हा दुपार उलटून गेली होती. बायको गेल्यापासून त्याला न सांगता निघून गेलेली ती पहिली दुपार. त्याला तशा आणखी हव्या होत्या. बस, एवढंच.

गॅरेजचं काम शिकायचंय असं मोठ्या बहिणीला सांगितलं तर ती जेवणाचा डबा हातात धरून तशीच उभी राहिली.

"डोकं ठिकाणावर आहे ना रे? नातवंडं खेळवायच्या वयात पाने फिरवणार?"

"नातवंडं कुठायत, ताई?"

"माझी आहेत की! घेऊन जा त्यातली दोन. सुटेन तरी मी."

पण तिने त्याला अडवलं नाही. घरात त्याच्या येरझाऱ्या तिने पाहिल्या होत्या.

आता वस्तीच्या टोकाचं एकच गॅरेज उरलं होतं. दारात स्टुलावर एक म्हातारा मिस्त्री बसला होता. गुडघे गेलेले, आवाज शाबूत. काम करत होती त्याची मुलगी. तिला सगळे चिमणी म्हणत. कोपरापर्यंत काळे हात आणि पिळदार दंड बघून ते नाव कोणी ठेवलं असेल असा प्रश्न पडावा.

"आधी काय करत होतास?" मिस्त्रीने विचारलं.

"शिंपी आहे."

"अरे वा, मास्तर! मग इथे काय, गाड्यांना झबली शिवणार?"

"बाबा, माणूस हवाच आहे आपल्याला," चिमणी आतून म्हणाली. "काका, रॉकेलची अ‍ॅलर्जी-बिलर्जी नाही ना?"

"काका म्हणायचं नाही. शिकाऊ आहे तो," मिस्त्रीने दटावलं. "मास्तर, संध्याकाळपर्यंत थांब. जमलास तर उद्याचं बघू."

शिंपी बाह्या वर करून रॉकेलच्या घमेल्यापाशी बसला. चिमणी सुटे भाग आणून टाकत होती, तो घासत होता. तरी अधूनमधून उठायचा, दारात जाऊन रस्ता बघून यायचा. मिस्त्री म्हणाला, "कोणाची वाट बघतोयस का?" तो म्हणाला, "नाही." आणि पुन्हा बसला.

दुपारी एक टॅक्सी आली. इंजिन तापत होतं. चिमणीने पाण्याचा पंप बदलायला काढला, पण पाणी गळू नये म्हणून पंप आणि इंजिन यांच्या मध्ये बसणारं कागदी गॅस्केट दुकानात मिळेना. अशा वेळी ते गॅरेजातच कापतात. जाड कागद पंपाच्या तोंडावर ठेवायचा, हातोडीने हळूहळू ठोकायचं, म्हणजे काठ कागदावर उमटतात. त्या खुणांवर कापायचं. टॅक्सीवाला बाहेर घाई करत होता आणि तसल्या कागदाचा एकच तुकडा शिल्लक होता.

"मास्तर, कात्री चालते ना?" मिस्त्रीने विचारलं.

"चालते," शिंपी म्हणाला. आयुष्यात त्याने दोऱ्यापलीकडे फारसं काही कापलं नव्हतं.

चिमणीने खुणा उमटवून दिल्या, बोल्टची भोकं पाडून दिली. शिंप्याने कात्री उचलली. इतकी वर्षं समोर बघितलेलं त्याच्या हातात आपोआप आलं. बायको खुणेवर कधीच कापायची नाही. शिलाईसाठी खुणेच्या बाहेर सगळीकडून बोटभर सोडायची. त्यानेही सोडलं. बाहेरूनही आणि आतूनही.

मिस्त्रीने ते पंपावर ठेवलं आणि त्याचा आवाज चढला. "हे काय? आतली पाण्याची वाट अर्धी बुजली! इंजिन शिजवायचंय का टॅक्सीवाल्याचं?"

"शिलाईला लागतं म्हणून…"

"इथे कोण शिलाई मारणार आहे? तुझं मशीन?"

"ती नेहमी तेवढं सोडायची."

"ती कोण?"

शिंपी कात्रीकडे बघत राहिला. "घरातली. कापणं तिचं होतं. मी नुसता शिवायचो. ती गेली."

मग मिस्त्री हलक्या आवाजात बोलला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "मग चालते म्हणून कशाला सांगितलंस? चुकलं तर शिकवता येतं. पण येत नसलेलं येतं म्हणून सांगणारा मला नको. उद्या ब्रेकचं काम असेल. तू येतं म्हणशील आणि आत माणसं बसतील. ऊठ. घरी जा."

शिंपी उठला. दारापर्यंत गेला. समोर रस्ता होता, रस्त्याच्या शेवटी घर होतं. तो तिथेच वळला.

"शिव्या द्या," तो म्हणाला. "भांडी घासायला लावा. पण घरी जा तेवढं म्हणू नका. परत खोटं सांगणार नाही."

मिस्त्रीने तोंड फिरवलं. चिमणी तो कागद उजेडात धरून बघत होती.

"बाबा, जास्तच आहे ना? जास्तीचं काढता येतं. कमी असतं तर गेला असता तुकडा."

"मग काढ."

"माझे हात भरलेत," ती म्हणाली. तिचे हात तर सकाळपासूनच भरलेले होते. तिने कागद शिंप्यापुढे धरला.

शिंप्याने मिस्त्रीकडे पाहिलं. "याआधी मी कधी कापलेलं नाही. खुणेवर कात्री कशी धरायची ते सांगा."

मिस्त्री कुरकुरत स्टुलावरून उठला, गुडघे धरत त्याच्यापाशी आला. "कात्री नाही, कागद फिरवायचा. हां. खूण अर्धी दिसत राहिली पाहिजे."

शिंपी कापू लागला. सोडलेला काठ बारीक पट्टी होऊन वळत वळत खाली पडला. एकदा त्याचा हात थांबला. मिस्त्रीने घाई केली नाही. मग आतला काठही पडला.

पंप बसला, पाणी भरलं, इंजिन सुरू झालं.

"आता इथे बस," मिस्त्री म्हणाला. "इंजिन तापेपर्यंत त्या जोडावरून नजर हलवायची नाही. एक थेंब दिसला तरी हाक मार."

शिंपी उलट्या डब्यावर बसला. मोटार घरघरत होती. टॅक्सीवाल्याने आत डोकावून विचारलं, "झालं का हो, मास्तर?"

"थांबा," शिंपी मान न वळवता म्हणाला. "अजून तापलं नाही."

मिस्त्री मागे चिमणीला सांगत होता, "उद्या याला पहिल्यांदा पाने ओळखायला शिकव. आणि जुना शर्ट घालून ये म्हणावं."

शिंप्याला ते ऐकू आलं. तरी तो जोडाकडेच बघत बसला.