पेलाभर पाण्याची शंका

मी एक जुनी चामड्याची बॅग आहे. पट्टा तुटल्यापासून माळ्यावर असते. मित्रांनो, माझ्या सुरकुत्यांना हसू नका. एका मुलीचं अख्खं शिक्षण मी एकदा पोटाशी धरून बसले होते.

एका कारागिराने मला मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलं. त्या मुलीच्या, इस्पितळात नर्स असलेल्या आत्याने मला वर्षानुवर्षं वापरलं. भाचीला नोकरीसाठी पहिलं बोलावणं आलं, तेव्हा आत्याने मला पुसून, प्रमाणपत्रं आत ठेवून तिच्या खांद्यावर अडकवलं. "गोड बोलणाऱ्याचे हात बघत जा गं," एवढंच ती म्हणाली.

ऑफिसात ताज्या रंगाचा वास होता आणि साहेब फारच गोड. मुलाखत सुरू होते न होते तोच म्हणाले, "झालीच समजा तुमची निवड! मूळ प्रमाणपत्रं तेवढी आमच्याकडे जमा करा."

भाचीने मला खाली ठेवलं होतं. तिथून टेबलाखालचं दिसत होतं. फोनची वायर भिंतीपर्यंत पोचलीच नव्हती! आणि साहेब तर मघापासून त्याच फोनवर 'हो, हो' करत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण बॅगेला कुठली वाचा?

भाचीने माझा चाप उघडला आणि ती थांबली. आत्याचं बोलणं आठवलं असावं. "सर, जरा पाणी मिळेल?"

साहेब उठले. एक दार उघडलं, तर कपाट निघालं. दुसरं उघडलं, तर मागचा जिना. स्वतःच्याच ऑफिसात ते पाहुण्यासारखे भांबावले. भाचीने चाप खट्कन लावला. "राहू द्या, मी बाहेर पिते," म्हणत ती मला घेऊन थेट रस्त्यावर आली.

घरी तिचे बाबा भडकले. "चालून आलेली नोकरी लाथाडलीस! एवढा संशय बरा नव्हे." मग तिला स्वतःचीच शंका येऊ लागली. माफी मागायला निघायची आणि उंबऱ्यातून परतायची. शेवटी बाबाच म्हणाले, "चल, मी बोलतो साहेबांशी."

ऑफिसच्या दाराला कुलूप होतं. बाहेर मुलामुलींची गर्दी. एक मुलगी दार बडवत होती, "माझे कागद द्या हो!" आत कुणीच नव्हतं.

बाबांनी मला लेकीच्या खांद्यावरून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि घरापर्यंत नेलं. बायकी बॅग म्हणून वाटेत लोक हसले, तरीही.

पुढे तिला दुसरीकडे नोकरी लागली. तिच्याबरोबर मीही झिजले. मित्रांनो, चामड्याला अधूनमधून तेल लावत जा, आम्ही टिकतो. आणि घरातलं कुणी 'मला हे बरोबर वाटत नाही' म्हणालं, तर आधी त्याच्या शेजारी बसा. रागवायचं ते नंतर.