डोहातला दगड

गळाच्या टोकावर काहीतरी निळं होतं. तांदळाच्या कणीएवढं – पिसं बांधून केलेल्या त्या एवढ्याशा नकली माशीच्या पोटाखाली, जिथे आजवर फार तर शेवाळाचा धागा यायचा... लॉरेलने चष्मा कपाळावर सरकवून ते डोळ्यांजवळ धरलं. रंग होता तो, तेलरंग, पाण्यात राहून मऊ पडलेला. दगडाला कुणी तेलरंग देत नाही. आणि या डोहात तर दगड आहे, राखाडी, खालच्या अंगाला पोकळ – तिने तो कधी पाहिला नव्हता, पण हे तिला ठाऊक होतं, जसं आपल्या घराला पाया आहे हे ठाऊक असतं.

डॅडनी सांगितलं होतं म्हणून. ती नऊ वर्षांची होती, बूट गुडघ्याच्या वर येत होते, आणि डॅडनी काठीने दाखवलं होतं – ती बघ पाण्यावरची घडी, घडीच्या खाली दगड, दगडाच्या आडोशाला ट्राउट, माशी घडीच्या हातभर वर टाक. तिने टाकली आणि मासा लागला. त्यानंतरचं सगळं आयुष्य त्या एका घडीतून निघालं होतं. तिने नदी वाचण्याचाच धंदा केला, शहरातून आलेल्या लोकांना हाच डोह दाखवला, हेच शब्द ऐकवले, आणि माशी अडकून तुटली की हसून म्हणाली, दगडाने आपली पट्टी वसूल केली.

यंदा डोंगरांवर बर्फच धरलं नाही. एरवी मे महिन्यात बर्फ वितळून ही नदी गढूळ, फुगलेली, काठावरच्या विलोच्या झाडांच्या मुळांशी झोंबत असायची. आता ती काचेसारखी स्वच्छ आणि डोह सोडले तर घोट्याइतकी उथळ, मासे इतके बिथरलेले की वाकून चालावं लागतं, सावलीसुद्धा सांभाळावी लागते. मोंटानातले सगळे गाइड कपाळाला हात लावून बसले होते. एकटे डॅड खूश होते. शहाऐंशी वर्षांचे डॅड, दोन्ही गुडघे गेलेले, आठवडाभर एकच धोशा – पाणी उतरलंय, आता मला तो दगड बघायचाय, जन्मभर नुसता ओळखत आलोय. आज ती आली होती ती एवढंच बघायला, की त्यांना उद्या इथवर आणता येईल का. माशी टाकली ती सवयीने.

सरळ पलीकडे जाता आलं असतं. पण डोहाच्या शेपटाशी बारीक खडीत घासून स्वच्छ केलेले फिकट चट्टे होते, माद्यांनी नुकतीच अंडी पुरलेली, त्यावर पाय देणारा माणूस या खोऱ्यात पुन्हा तोंड दाखवू शकत नाही. निळा कण खिशात टाकून ती लांबून वळसा घालून गेली, उंच काठावर पालथी झोपली आणि डोकं पुढे काढून खाली पाहिलं.

मोटार होती.

निळी, गोल पाठीची, कुशीवर कललेली, अर्धी वाळूत. खिडकीतून एक जाडजूड ट्राउट बाहेर आला, पाण्यातलं काहीतरी टिपलं, आणि पुन्हा आत गेला, घरमालकाच्या थाटात. लॉरेलला एकदम हसू आलं. मग खिडकीची कड दिसली. कडेला तुटलेल्या माश्या लटकत होत्या, तिच्या गिऱ्हाइकांच्या, तिच्या... आणि काही नुसते लाल दोरे, पिसं केव्हाच गेलेली. लाल दोऱ्याने माशी बांधणारा माणूस इथे एकच, डॅड.

“मेलीस की काय?” मागून गसचा आवाज आला. हे कुरण त्याचं. तो कुंपणाला रेलून उभा होता.

“गस, इथे मोटार आहे.”

“असेलच. माझ्या आजोबांनी काठ धसू नये म्हणून भंगार गाड्या साखळीने बांधल्या होत्या ना? वरच्या वळणावर तू ज्यांच्यावर बसून डबा खातेस, त्याच. एक पुरात सुटली होती. कुठे गेली ते कुणी विचारलंच नाही.” तो जवळ येऊन वाकला आणि त्याने शीळ घातली. “हा तुझ्या डॅडचा, एल्मरचा दगड होय! त्याला सांगू नकोस बाई, म्हातारा जागेवर आडवा होईल.”

सांगू नको... पण ते उद्या स्वतःच येणार आहेत. वाट खराब आहे म्हणावं? पाणी चढलं म्हणावं? गाडीतून घरी परतताना तिच्या मनात दया होती, भीतीही होती, पण त्यांच्याही खाली दुसरंच काही वळवळत होतं. डॅड चुकले होते, आणि मासा तर लागला होता. आडोसा खरा, घडी खरी, फक्त दगड खोटा. मग मी आजवर आणखी किती डोहांत न पाहिलेले दगड ठेवून दिले असतील? तिला या क्षणी नदीभर पालथं पडून बघत सुटावंसं वाटलं.

डॅड स्वयंपाकघरात बसले होते. पायात आत्तापासूनच बूट.

“पाणी कसं?”

“कमी. स्वच्छ.”

“मग दिसला असेल.” ते नाडी आवळत होते. “आहे ना गं दगड?”

लॉरेल थबकली. त्या दगडाबद्दल डॅडनी आजवर सांगितलं होतं, बजावलं होतं. विचारलं कधीच नव्हतं.

“डॅड, समजा नसला, तर?”

त्यांचा हात नाडीवर थांबला. त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, तोंडाच्या कडेशी, एक बारीक घडी उमटली. खाली धसका होता की हौस, की हे सगळं त्यांना केव्हापासूनच ठाऊक... तिला वाचता येईना. पाणी वाचायला या माणसाने शिकवलं, आणि या माणसाकडे मी असं कधी पाहिलंच नाही. खिशात हात घालून तिने तो निळा कण चाचपला, खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसली, सावली त्यांच्यावर पडणार नाही अशी.