चार स्क्रू, तीस धक्के

मित्रांनो, प्लॅस्टिकच्या या पिशवीतून मी तुम्हाला नीट दिसत नसेन. मी एक जुनी रेड डॉट साइट आहे. शिकारीच्या बंदुकीवर बसवतात ती, काडेपेटीपेक्षा जरा मोठी, काळी वस्तू. माझ्या काचेतून पाहिलं की समोर एक लाल ठिपका दिसतो. ठिपका जिथे, तिथेच छर्रे जाणार, असा माणसाचा विश्वास असतो. माझ्या हातून त्या विश्वासाचा घात झाला. तो कसा झाला, ते आज सांगते.

माझा जन्म सिंगापूरचा. आंग मो किओच्या औद्योगिक वसाहतीत, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर लहानसा कारखाना होता. या देशात परवान्याशिवाय बंदूक बाळगणं म्हणजे भयंकर गुन्हा. त्यामुळे मला घडवणाऱ्यांपैकी कुणीच कधी शॉटगन चालवली नव्हती. बार उडाल्यावर बंदूक किती जोरात मागे उसळते, हे त्यांना एका यंत्रावरून कळायचं. ते यंत्र आम्हाला एकेक करून धक्के द्यायचं.

माझ्या पोटाखाली एक धातूची पट्टी आहे. मी तिच्यावर चार बारीक स्क्रूंनी बसलेली आहे आणि ती पट्टी बंदुकीच्या नळीवर बसते. ते चार स्क्रू पट्टीआड लपतात, गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. म्हणून कारखान्याचा नियम कडक होता. स्क्रूंना गोंद लावून चोवीस तास ठेवायचं, मग तीस धक्के द्यायचे, मग मापाच्या पान्याने चारही स्क्रू पुन्हा तपासायचे. त्यानंतरच कार्डावर सही.

सही करायची नीलिमा. पुण्याहून नोकरीसाठी आलेली तपासणी इंजिनीअर, कामाला फार चोख. पॅकिंगवर बसणाऱ्या सुआन आंटी आपल्या सिंगापुरी बोलीत तिला हसायच्या, "नीलिमा, यू चेक आणि चेक, टायर्ड नाही होत लाह?" नीलिमा म्हणायची, "आंटी, तिकडे कुणीतरी हिला डोळा लावून घोडा दाबणार आहे."

मी तयार झाले ते २०१५च्या सप्टेंबरात. त्या दिवसांत शेजारच्या बेटांवरची जंगलं जळत होती आणि धूर समुद्र ओलांडून शहरावर उतरला होता. भर दुपारी समोरचे ब्लॉक दिसेनासे झाले. माणसं मास्क लावून खोकत कामावर यायची. त्या दिवशी अर्धे कामगार तर आलेच नव्हते.

त्याच दुपारी मॅनेजर चंद्रशेखर नीलिमाच्या टेबलाशी आले.

"अगं, कंटेनर संध्याकाळी निघतोय. आपली साइट्सची ही तुकडी त्यात जायलाच हवी."

"सर, गोंद लावून दोन तास झालेत. आत्ता धक्के दिले तर स्क्रू धरणार नाहीत."

"मग पाच-पाच धक्के दे आणि सोड. बोटीवर तीन आठवडे आहेत, वाळेल तोवर."

"एकदा स्क्रू हलला की गोंद पुन्हा धरत नाही, सर."

चंद्रशेखर खुर्ची ओढून बसले. आवाज चढवला नाही त्यांनी, उलट मायेनेच म्हणाले, "नीलिमा, गेल्या वर्षभरात एक तरी साइट परत आली का? नाही ना? कर सही. या धुरात तुलाही लवकर घरी जाता येईल."

मला पाच धक्के बसले. पाचव्याला माझा डावीकडचा मागचा स्क्रू केसभर फिरला. मला ते कळलं, पण मी बोलू कशी शकणार? पाना कुणी लावलाच नाही. नीलिमाने कार्ड ओढलं. त्यावर छापलेलं होतं: चोवीस तास, तीस धक्के, स्क्रू पुन्हा तपासले. तिचं पेन क्षणभर थांबलं. मग तिने सही केली. माझ्यासकट चारशे बारा जणींच्या कार्डांवर केली.

अमेरिकेत मला ग्लेन नावाच्या सुताराने घेतलं. तो टर्कीची शिकार करायचा. टर्की म्हणजे मोराएवढा, अतिशय सावध पक्षी. ग्लेनने नळीवरची खाच पुसली, माझी पट्टी नीट बसवली, बाहेरचे स्क्रू स्वतः मापात आवळले. कागदावर बार काढून ठिपका आणि छर्रे जुळवून घेतले. त्याच्या बाजूने त्याने काहीच कमी ठेवलं नाही. माझ्या पोटाखाली काय चाललंय, ते त्याला कुठून दिसणार? प्रत्येक बाराला तो स्क्रू थोडा अधिक सुटत होता. शेजारचाही सुटू लागला होता.

पुढच्या एप्रिलमध्ये, पहाट सरताना ग्लेन आणि त्याचा धाकटा भाऊ रॉय जंगलात शिरले. रॉय मादीचा आवाज काढणार आणि नर टर्की पुढे आला की ग्लेन बार टाकणार, असं ठरलं होतं. ग्लेन एका झाडाला टेकून बसला. रॉय डावीकडे गेला. पण तिथे पाणी साचलेलं होतं, म्हणून न सांगता सरकत सरकत समोर उजवीकडच्या ओंडक्याआड जाऊन बसला.

पक्षी आला. ग्लेनने मला डोळ्यांसमोर धरलं. ठिपका बरोबर पक्ष्याच्या मानेवर होता. पण मी त्या पट्टीवर तिरकी झाले होते आणि नळी उजवीकडे बघत होती.

बार झाला. पक्षी उडून गेला. ओंडक्यामागून माणसाची किंकाळी आली.

"रॉय! तू तिथे कसा?" ग्लेन धावत सुटला. भावाच्या चेहऱ्यावरून रक्त वाहत होतं. "मी पक्ष्यावरच नेम धरला होता रे, पक्ष्यावरच!" तो पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. रॉय वाचला. त्याचा उजवा डोळा मात्र गेला.

जून महिन्यात मी तपासणीसाठी आंग मो किओला परत आले. नीलिमाने मला हातात घेतलं, अंगठ्याने जरासं ढकललं आणि मी हलले. तिने मला उलटी करून स्क्रूंना पाना लावला.

चंद्रशेखर म्हणाले, "भाऊ जागा बदलून बसला होता. चूक त्यांचीच आहे. तसा रिपोर्ट लिही."

"तो जागा बदलून बसला, तेही लिहिते. पण स्क्रू सुटलेत, सर."

"कार्डावर तीस धक्के लिहिलेत. सही तुझी आहे."

"म्हणूनच मी लिहिणार. पाच दिले आणि तीसवर सही केली, असं लिहिणार."

"नोकरी जाईल. इथे काम करायचा पासही जाईल. महिन्याभरात देश सोडावा लागेल, कळतंय का?"

"कळतंय. त्या माणसाचा डोळा गेलाय, सर."

तिने लिहिलं. महिनाभरात तिचं टेबल रिकामं झालं. जाताना सुआन आंटींनी तिचे दोन्ही हात धरून ठेवले. कारखान्याने ती तुकडी परत मागवली. मी पुरावा म्हणून या कपाटात, नंबराच्या पिशवीत राहिले. तीन वर्षं झाली, माझी काच कुणी पुसली नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी लिफ्टचे दोर तपासेल, कुणी औषधाच्या बाटल्या. कार्ड समोर येईल, आणि कुणीतरी अगदी मायेने म्हणेल, कर सही. तेव्हा उठा आणि आधी जाऊन बघा.

चारशे बारांपैकी तीनशे एकाहत्तर परत आल्या. एकेचाळीस जणींचा पत्ता लागला नाही. दर वसंतात त्या कुठल्यातरी कपाटातून बाहेर निघत असतील. कुणीतरी त्यांच्या काचेतून बघत असेल आणि त्याला ठिपका अगदी जागच्या जागी दिसत असेल. त्याने घोडा दाबायच्या आधी एकदा, फक्त एकदा, मला ढकललं तसं त्यांना अंगठ्याने ढकलून पाहावं.