बरणीतले कोळी

हेमलताला कोळी दिसला तरी शिसारी यायची, आणि त्रिविक्रमने तर तिच्या लोणच्याच्या बरणीत कोळ्यांचं आख्खं घरटं भरून आणलं होतं. बन्नेरघट्ट्याच्या रानातल्या काटेरी झुडपावरून फांदीसकट तोडलेलं. मळकट, चिकट जाळ्यांचा गोळा. त्यात अडकलेली वाळकी पानं, माश्यांचे पंख, अर्धवट चोखलेले भुंगे. सरकारी कारखान्यातल्या या इंजिनियर नवऱ्याला असले छंद फार.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात ऑफिसच्या कामासाठी हैदराबादला निघताना तो म्हणाला, "रोज थोड्या माश्या टाकत जा. मेलेल्या नकोत."

फडक्याने अर्धमेल्या केलेल्या माश्या ती नाक मुरडून आत सोडायची. मग तिला घास जात नसे.

एका सकाळी एक फुगलेली मादी जाळ्यावर निपचित दिसली. मोहरीएवढी पिल्लं तिच्या पोटाला, पायांना चिकटून तिलाच शोषत होती. तिचे पाय हलत होते, पण ती पिल्लांना झटकत नव्हती. दुपारी तिचं नुसतं चुरगळलेलं टरफल उरलं. हेमलता मोरीत जाऊन ओकली.

आवाज ऐकून शेजारच्या अनुसूयाक्का आल्या. बरणी बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. "स्वल्प रॉकेल ओत आणि लाव काडी. घरात ठेवतात का असलं?"

हेमलताने बाटली आणलीही. पण बरणीचं झाकण उघडताच पिल्लं भेदरून एकमेकांखाली घुसली आणि तिचा हात थांबला.

"जाळायला नको, अक्का. ती काय आपल्या पायांनी आलीत?"

बरणी पिशवीत घालून तिने बनशंकरीहून रानाकडे जाणारी बस धरली. रानाच्या कडेला तसलीच घरटी लोंबत होती. दात आवळून तिने फांदी बाहेर काढली. तंतू बोटांना चिकटले. एक कोळी मनगटावरून चालत गेला. किंकाळी गिळून तिने फांदी काट्यांत नीट अडकवली आणि मग कितीतरी वेळ मातीने हात घासत बसली.

त्रिविक्रम परतला. "घरटं कुठंय?"

"जिथून आणलंत तिथे."

"अगं, पिल्लं आईला खातात, तेच तर मला बघायचं होतं."

"मी बघितलं," ती म्हणाली. "तुमच्या वाटचंही."

तिने त्याला वाढलं, पण स्वतः पानावर बसली नाही. भातावर झाकण ठेवून ती पुन्हा मोरीत हात घासायला गेली.