काळ्या कागदावरची पूड

सम्राटनं, माझ्या नवऱ्यानं, दुरुस्तीसाठी पलंग सुटा केला, तो वारला त्याच्या आधीच्या दिवाळीत. सासऱ्यांनी भाटघरला धरणावर कामाला असताना घेतलेला तो पलंग. सासरे वारल्यावर त्यावर सासूबाई एकट्याच झोपायच्या. "एप्रिलात जयंतीपर्यंत नवा करून देतो," असं सम्राटनं त्यांना सांगितलं होतं आणि तेव्हापासून त्या घरात खाली, पडवीकडच्या भिंतीलगत गोधडी टाकून झोपू लागल्या. फेब्रुवारीत सम्राट गेला. कारखान्यात दुसऱ्या पाळीला मशीनवर उभा असतानाच त्याचं हृदय थांबलं. पलंगाचे चार पाय आणि नऊ पट्ट्या पडवीतच राहिल्या.

त्याच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनापर्यंत पलंग उभा करायचा, असं मी ठरवलं. मी नसरापूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. सुतारकाम येत नसलं तरी पद्धतशीर काम येतं. पट्ट्यांवर किडीची भोकं होती. ती सम्राटनं मेण आणि भुसा भरून इतकी नीट बुजवली होती की बोट फिरवलं तरी कळत नसे. मेण टोकरून मी सिरिंजनं प्रत्येक भोकात औषध सोडलं. त्याची वाफ आणि लाकडाची धूळ वाईट, म्हणून तोंडाला मास्क बांधायचे आणि पडवीचं दार लावून घ्यायचे. सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, दमा आहे. सुरुवातीला त्या दाराशी आल्या की मी सांगायचे, "आत्या, आत जाऊन बसा. धूळ आहे." पुढं त्या यायच्या बंद झाल्या.

रोज काम संपलं की प्रत्येक पट्टीखाली काळा कार्डशीट ठेवायचे. सकाळी त्यावर पिवळसर पुडीचे ढीग दिसत. ताजी पूड म्हणजे आत भुंग्याची अळी जिवंत. ऑक्टोबरात सतरा ढीग होते. औषधाचे तीन हात दिल्यावर डिसेंबरात एकतीस झाले. मग एक पट्टी हातात घेऊन जरा दाबली, तर अंगठा आत गेला.

वरची साल तेवढी शाबूत होती. ती पट्टी पिशवीत घालून मी गेनबा सुतारांकडं गेले.

त्यांनी पट्टी हातात घेतली न घेतली तोच विचारलं, "ह्यो पलंग अजून तुमच्याकडंच हाय व्हय?"

"तुम्ही पाहिलाय?"

"सम्राट घिऊन आला हुता की. पाय सागाचं हायती, पट्ट्या आंब्याच्या. रंग फासून समदा साग म्हणून इकलाय. म्या तवाच म्हनलं, जाळून टाक, न्हाईतर घराच्या वाशांत शिरंल."

"मग त्यानं का नाही जाळला?"

गेनबांनी पट्टी माझ्या पिशवीत परत ठेवली. "म्हनला, आईला सांगू नका. बाप गेल्यापासनं ती कुनाशी बोलंना. म्हनला, म्या पालिश कागद घिऊन बसलो की दारात येऊन बसती, बोलत ऱ्हाती. मंग बसतो घासत. जयंतीचं जयंतीला बघू." ते जरा हसले. "शाना हुता. घासायचं सोंग बी झ्याक करायचा."

घरी आले तेव्हा आत्या तांदूळ निवडत होत्या. त्यांना कसं सांगावं हे मी सहा आसनी शेअर रिक्षात दोनदा मनात जुळवलं होतं. ऐन वेळी एवढंच आलं, "आत्या, पलंग होणार नाही. आतून पोकळ झालाय."

"ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"कोन कशाला सांगंल? भितीला डोकं लावून निजती न्हवं मी. समदी निजली की पल्याड पट्ट्यांतनं कुरकुर कुरकुर ऐकू येती." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "सम्राटला म्हनलं न्हाई. त्यो म्हनायचा हुतंय, मी म्हनायची हू दे."

"मग मला तरी सांगायचं. वर्ष झालं थंड फरशीवर झोपताय, तुमचे गुडघे..."

"तू दार लावून घ्यायचीस. म्हनलं, तिचं ती रडत आसंल आत. रडू दे."

मी आत रडत नव्हते. मी ढीग मोजत होते. हे मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना नसरापुरातून लोखंडी कॉट टेम्पोत घालून आणली. आत्यांची गोधडी तिच्यावर घातली. पट्ट्या परसात नेऊन रचल्या, रॉकेलची बाटली आणली.

"आज नगं," आत्या मागून म्हणाल्या. "उद्या जाळ. आज बस जरा."

त्या पडवीच्या दारात बसल्या. मी आत, सम्राट बसायचा तिथं बसले. मास्क नव्हता. हातात काही काम नव्हतं.

"काय बोलायचात तुम्ही दोघं?" मी विचारलं.

"काय न्हाई. कुनाची म्हस याली, कुनाचं भांडान झालं. आसंच."

गावातल्या कुणाचीच म्हैस मला माहीत नव्हती. तरी मी विचारलं, "यंदा कुणाची व्याली?"

आत्यांनाही ठाऊक नव्हतं. ते सगळं त्यांना सम्राटच सांगायचा.