नाताळची दोन अंडी

लोटन नाना गेले तेव्हा पुनम स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी नागलीची पेज ढवळत होती. वाटी घेऊन ती खोलीच्या दारात आली आणि तिथूनच तिला कळलं. तिने वाटी खाली ठेवली, नानांच्या नाकाशी हात धरून पाहिला, मग परत आत जाऊन गॅस बंद केला. गॅस बंद करायचं आपल्याला सुचलं कसं, याचंच तिला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत होतं. मग तिने जळगावला भावाला फोन लावला.

"दादा, नाना गेले."

दीपकला आधी नीट ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "कधी?"

"आत्ताच. तू ये, पण गाडी सावकाश चालव. पारोळ्याजवळ रस्त्याचं काम चालू आहे."

सिलेंडर आला हे सांगावं तशा आवाजात ती बोलली. आपला आवाज तिने स्वतःच ऐकला आणि तिला वाटलं, थोड्या वेळाने येईल. रडू थोड्या वेळाने येईल.

धुळ्यात देवपूरला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. वडील, म्हणजे नाना, एसटीत कंडक्टर होते, आणि नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी धुळे-जळगाव गाडीवर काढली होती. आई पुनम कॉलेजात असतानाच गेली. तीन वर्षांपूर्वी नानांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पुनम तेव्हा नाशिकला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर बसायची. दीपकची नोकरी जळगावला पाइपच्या कारखान्यात, लेकरं शाळेत. कोणी कोणाला काही विचारलं नाही. पुनम बॅग भरून धुळ्याला आली ती आलीच.

ती ऑनलाइन एक खेळ खेळायची, हॉस्टेलवर असल्यापासून. एका संकेतस्थळावर एक गुहा होती आणि गुहेत ड्रॅगनची अंडी ठेवलेली दिसायची. आपण एक उचलायचं. मग त्या अंड्याकडे जगातल्या अनोळखी लोकांनी येऊन पाहिलं, तर ते फुटतं, पिल्लू निघतं, पिल्लाला पंख येतात. कोणीच पाहिलं नाही तर अंडं मरतं. म्हणून खेळणारे एकमेकांची अंडी बघत राहतात. जिंकायचं काही नाही, हरायचंही नाही. गोळा करायचं, एवढंच.

साधे ड्रॅगन कधीही मिळत. सणाचे मात्र वर्षातून एकदाच, दोनचार दिवस. ऑक्टोबरच्या शेवटी भोपळ्याच्या रंगाचा, फेब्रुवारीत गुलाबी, आणि नाताळात बर्फासारखा पांढरा. एका माणसाला दोनच अंडी. गुहेत ती दिसायची आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत कोणीतरी उचलून न्यायचं. सगळे सण परक्यांचे होते. पुनमच्या घरी नाताळ कधी कोणी केला नव्हता. पण दिवसभर एकाच खोलीत पलंग, लघवीचं भांडं आणि औषधांची पेटी घेऊन राहणाऱ्या माणसाला कोणता का होईना सण लागतो.

नाना बाजूला खुर्चीत बसून बघायचे. वाचा-उपचाराच्या बाईंनी सांगितलं होतं की जन्मभर घोकून म्हटलेलं कधी कधी शिल्लक राहतं, तेव्हा आरती म्हणून घ्या, आकडे म्हणून घ्या. नानांच्या तोंडून आरतीही निघाली नाही आणि आकडेही नाहीत. पाणी हवं तरी डाव्या हाताने पलंगावर थापटायचे. एकदा भोपळ्याच्या रंगाच्या ड्रॅगनला पंख आले, तेव्हा पुनम सहज म्हणाली, "नाना, याचं नाव काय ठेवू?"

"फागणे," नाना म्हणाले.

पुनमने लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला.

"काय म्हणालात?"

"फागणे. अजंग. मुकटी. पारोळा. एरंडोल. पाळधी. बांभोरी. जळगाव." धुळे-जळगाव गाडीचे थांबे ते एका दमात म्हणाले आणि थांबले. जळगावच्या पुढे काही आलं नाही. तोंडातून लाळ गळली, ती तिने पुसली.

तेव्हापासून सणाच्या ड्रॅगनांची नावं नानाच ठेवत. मागचं नाव तिने म्हणायचं आणि पुढचं त्यांनी. पांढरा ड्रॅगन अजंग झाला, गुलाबी मुकटी. सणाच्या सकाळी ती नानांना स्वच्छ बनियन घालून खुर्ची टेबलाशी आणायची. अमेरिकेत मध्यरात्र झाली की इकडे सकाळी अंडी यायला लागत. नाना मोबाइलच्या पडद्यावर डाव्या हाताचं बोट धरून बसत. बोट पोचायच्या आत अंडं गेलेलं असायचं, मग पुनमच उचलायची. एकदा मात्र त्यांच्याच बोटाला लागलं. नाना एवढे हसले की त्यांना ठसका लागला. परवाच्या ऑक्टोबरात पारोळा आणि एरंडोल अशी दोन्ही झाली होती.

नाना गेले ते डिसेंबरात. दीपक आला, त्याची बायको कामिनी आली, धरणगावहून शेवंता आत्या आली. आत्या म्हणजे नानांची धाकटी बहीण, बारा-पंधरा वर्षांपासून विधवा. ती रिक्षातून उतरली तीच हंबरडा फोडत. गल्लीतल्या बायकाही रडल्या. पुनम भिंतीला टेकून बसली होती. आत्याने तिला छातीशी धरलं.

"रडी ले बेटा, रडी ले. मन हलकं व्हई जाई."

पुनमने प्रयत्न केला. तिने आईला आठवलं, नानांचा खाकी गणवेश आठवला. डोळे कोरडेच. आत्याच्या लुगड्याला तंबाखूचा वास येत होता आणि तिचं सगळं लक्ष त्या वासाकडे होतं.

"बठ्ठा लोके दखी राहिनात," आत्या तिच्या कानात म्हणाली. खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा पुनमवर होत्या.

पांझरेकाठी दीपकने अग्नी दिला. पुनम घरी राहिली, पलंग धुतला, गादी अंगणात टाकली, औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत भरल्या. शेजारची एकजण दुसरीला म्हणाली, "पोर दगडाची आहे गं." दुसरी म्हणाली, "सुटली म्हण ना." पुनमने दोन्ही ऐकलं. तिला वाटलं, दोन्हीपैकी काहीच खरं नाही, पण तिसरं काय आहे ते तिलाही सांगता आलं नसतं.

सांत्वनाला दारावर येणारे येत राहिले. शेजारून पिठलं-भाकरी यायची. आठवडाही उलटला नव्हता आणि नाताळ आला. सकाळी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बायका बसल्या होत्या. पुनम त्यांच्यातच होती. मोबाइलवर तिने गुहा उघडली. तसं ठरवलं नव्हतं, हातानेच उघडली. पहिलं अंडं गेलं, दुसरं गेलं, तिसरं तिच्या बोटाला लागलं. मग आणखी एक. पांढरी, वर लाल पट्टा असलेली दोन अंडी तिच्या नावावर आली. तिने मान वर केली तेव्हा सगळ्या बायका तिच्या मोबाइलकडे बघत होत्या आणि दारात दीपक उभा होता.

"हाई काय शे?" आत्याने विचारलं.

दीपकने पुनमला आतल्या खोलीत बोलावलं. दार लोटलं. तो ओरडला नाही, पण त्याची मान लाल झाली होती.

"पुनम, बाहेर लोक बसलेत. नानांना जाऊन आठवडा नाही झाला, आणि तू गेम खेळतेस?"

"हे आजच मिळतं," ती म्हणाली.

"काय मिळतं?"

तिने मोबाइल त्याच्या हातात दिला. त्याने अंडी पाहिली, बोटाने वर सरकवलं, खालचे ड्रॅगन पाहिले. नावं वाचली. पुन्हा वाचली.

"फागणे, अजंग, मुकटी... ही नावं तू ठेवलीस?"

"नानांनी."

"नाना कुठे बोलायचे?"

"एवढं बोलायचे. मागचं गाव म्हटलं की पुढचं सांगायचे. मी तुला फोनवर सांगितलं होतं, दादा. तू म्हणालास, बरं आहे, तेवढीच करमणूक."

दीपकला आठवलं नसावं. तो रविवारी यायचा, नानांच्या कानाशी मोठ्याने "नाना, बरं वाटतंय का?" विचारायचा, सफरचंदं ठेवायचा आणि अंधार पडायच्या आत निघायचा. तो आता रिकाम्या पलंगाच्या लोखंडी चौकटीवर बसला.

"मी त्यांच्याशी तीन वर्षांत एक शब्द बोललो नाही म्हणजे," तो म्हणाला. "त्यांना कळतच नाही असं धरून चाललो." आणि तो रडायला लागला. तोंडावर हात दाबून, खांदे उडवत रडला. पुनम त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग तिने माठातून तांब्या भरून आणला आणि त्याच्याजवळ ठेवला.

जरा वेळाने दीपकने नाक पुसलं. "या दोघांचं काय नाव?"

"पुढे पाळधी येतं. पण पंख आल्यावर ठेवतात."

"मग पाळधी ठेव."

"बघू," ती म्हणाली. अंड्यांचा दुवा खेळणाऱ्यांच्या गटात टाकायला हवा होता, म्हणजे लोक बघायला आले असते. ती ते विसरली. सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या धावपळीत तिने मोबाइल उघडलाच नाही. नंतर पाहिलं तर एकातून पिल्लू निघालं होतं, कोणाच्या तरी नजरेत आपोआप आलं असेल. दुसरं अंडं मेलं होतं. तिने दोन्हीकडे सारखंच पाहिलं.

गंधमुक्तीनंतर पाहुणे पांगले. दीपक आणि कामिनी तिला जळगावला चल म्हणाले. कामिनीने तर मुलांच्या खोलीत तिच्यासाठी कपाट रिकामं करून ठेवलं होतं. "एकटी काय करशील इथे?" कामिनी म्हणाली. तिला ते मनापासून वाटत होतं.

"सध्या इथेच राहते, वहिनी."

"मी राहते तिच्याजवळ," आत्या म्हणाली. "कापूस वेचून झाला. धरणगावला माझं काय अडलंय?"

आत्या राहिली. ती सकाळी उन्हात बसून लसूण सोलायची, दुपारी पुनमच्या शेजारी आडवी व्हायची. धुळ्याला आल्यावर धरलेलं एका सीएच्या ऑफिसचं घरून करायचं काम पुनमने पुन्हा सुरू केलं. जेवायची, झोपायची, आंघोळ करायची. सगळं कापसाच्या बोळ्यातून ऐकू येत असल्यासारखं लांबून यायचं. पेज करायची वेळ झाली की ती उठून उभी राहायची आणि मग परत बसायची.

एका दुपारी तिने आत्याला विचारलं, "आत्या, तुम्हाला राग आला असेल ना माझा? मी रडले नाही म्हणून."

आत्याने डोळे मिटून घेतले. पुनमला वाटलं, झोपली.

"तुना मामांजी गयात तवय मी किती रडनू, तुले याद शे?"

पुनमला आठवत होतं. आत्याचे यजमान बैलगाडीखाली सापडून गेले होते. आत्याने दारावर डोकं आपटून घेतलं होतं, चार बायकांनी तिला धरून ठेवलं होतं. धरणगावात अजून लोक त्याबद्दल बोलत.

"माले रडू नही उनं, बेटा," आत्या म्हणाली. "ते बठ्ठं लोकेसकरता व्हतं." मग ती अहिराणी सोडून मराठीत सावकाश सांगत गेली. आत काहीच नव्हतं. वर्षभर काही नव्हतं. लेकरांना भाकरी टाकायची, शेतात जायची, पण कोणी चिमटा काढला असता तरी कळलं नसतं. पण तिच्या सासूने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, की न रडणाऱ्या बाईला गाव जगू देत नाही. म्हणून ती मोठ्याने रडली. "म्हणून तुला म्हणत होते, रड. तुझ्यासाठी नाही. त्यांच्या तोंडांसाठी."

"मग पुढे आलं का, आत्या? रडू?"

"आलं असेल," आत्या म्हणाली. "ध्यानात नाही." आणि कुशीवर वळून ती खरंच झोपली.

फेब्रुवारी लागला. आत्याच्या नातीची परीक्षा होती म्हणून ती धरणगावला गेली, पुन्हा येते म्हणाली. गुलाबी अंड्यांचा दिवस आला तेव्हा पुनम भाजी आणायला बाजारात निघाली होती. सवयीने तिने चालता चालता गुहा उघडली होती. अंडी येत होती, जात होती.

पेठेतल्या एका भाजीवालीकडूनच नाना वर्षानुवर्षं भाजी घेत. झटका आल्यानंतर पुनम जायची, तेव्हा ती कुंदाबाई दर खेपेला नानांची चौकशी करायची. आजारपणाचे शेवटचे महिने आणि त्यानंतर पुनम तिकडे फिरकली नव्हती. दारावर आला गेला तो प्रत्येकजण कळल्यावरच आला होता. दीपकनंतर तिला कोणालाच सांगावं लागलं नव्हतं.

कुंदाबाईने हिरवी वांगी तागडीत टाकली. भरताची, देठाकडे पांढरी.

"दिसली नाहीस लई दिवस. नाना कसे आहेत गं?"

"गेले," पुनम म्हणाली.

कुंदाबाईचा हात तागडीवर थांबला. "कधी?"

"डिसेंबरात." तिला पुढे सांगायचं होतं, की झोपेतच गेले, त्रास झाला नाही, सगळं व्यवस्थित झालं. त्याऐवजी तिने हाताने काहीतरी धरायला शोधलं, ते कांद्याचं पोतं होतं, आणि ती त्यावर बसली.

"बस, बस जराशी," कुंदाबाई म्हणाली. तिने तांब्यातलं पाणी पुढे केलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "थांबा भाऊ, इथे माणूस बसलंय."

पुनम पाणी प्यायली. ते गार होतं आणि घशातून खाली उतरताना तिला कळत होतं. मोबाइल तिच्या मांडीवर उपडा पडला होता. तिने तो पिशवीत टाकला आणि कुंदाबाईचं वांगी तोलून होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली.