शामरावांचं धनदर्शक यंत्र, घरगुती मॉडेल

नेहरू नगरातल्या एकोणीस नंबरच्या प्लॉटखाली सहा हंडे सोनं आहे, ही गोष्ट १९८८ च्या ऑक्टोबरात विज्ञानानं सिद्ध केली. विज्ञान त्या दिवशी रायपूरच्या बसनं आलं होतं, त्याच्या कपाळावर गंध होतं आणि सगळे त्याला भय्याजी म्हणत होते.

रविवार होता. शामरावांच्या अर्धवट घरापुढे दीडएकशे माणसं जमली होती. फोरमन, क्लार्क, दोन ओव्हरसियर, म्हणजे चांगली शिकलेली मंडळी. घराच्या विटा चढल्या होत्या, स्लॅब टाकून झाला होता, प्लास्टर तेवढं बाकी होतं. भय्याजींच्या हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी चकती आणि मुठीजवळ एक डबा. चकती अंगणातून फिरली तेव्हा डबा गप्प. घराच्या कोपऱ्याशी आली आणि डब्यानं "कुंईऽऽ" असा सूर लावला.

भय्याजींनी डोळे मिटले. "सुनिए! मीठी आवाज़! लोहा कर्कश बोलता है, सोना मीठा बोलता है. ये हम नहीं कहते, साइंस कहता है."

डबा एकूण सहा ठिकाणी ओरडला. चार कोपऱ्यांवर चार आणि मध्ये दोन.

"और देखिए, छहों बराबर दूरी पर! पुरखों ने नाप के रखा है!"

गर्दीतून "वाहवा" आली. एका फोरमननं पुढे होऊन चकतीला नमस्कार केला. मी मागे उभा होतो. या बाबतीत मी आधीच एकदा बोलून चुकलो होतो.

त्याचं असं झालं. शामराव माझे सेक्टरमधले शेजारी. इथल्या पोलाद कारखान्यात, सळया रोल करणाऱ्या मिलमध्ये त्यांची सव्वीस वर्षं गेली. डिसेंबरअखेर रिटायर, म्हणजे क्वार्टर सोडायचं आणि या नव्या घरात राहायला जायचं. दुसरं घर नाही, अमरावतीकडे आता कोणी उरलेलं नाही. त्या घराचा पाया खणताना त्यांना एक काळपट तांब्याचं नाणं सापडलं आणि स्लॅब टाकून होताच त्यांचं लक्ष प्लास्टर सोडून त्या नाण्याकडे गेलं. आदल्या आठवड्यात ते माझ्याकडे भय्याजींचं छापील पत्रक घेऊन आले.

"अरुणभाऊ, तुमी बी.एस्सी. झाले, टेस्टिंग लॅबमध्ये आहा. मले मेटल डिटेक्टर घ्याचा आहे. पयलाच आहे, तं झेपन असा सांगा."

"कशाला?" मी विचारलं.

"शौक म्हणून," शामराव म्हणाले आणि दाराकडे पाहू लागले.

मी त्यांना शांतपणे समजावलं. स्वस्त यंत्र फक्त धातू आहे एवढंच सांगतं, कोणता ते सांगत नाही. नाण्याएवढी वस्तू वीतभर खाली गेली की त्याला तिचा पत्ता लागत नाही. घेण्याआधी दोन वस्तू आपल्या हातानं लपवाव्यात आणि विकणाऱ्याला शोधायला लावावं. आणि जिथं आधीच लोखंड आहे, तिथं ते फिरवून उपयोग नाही. शामरावांनी हे सगळं नंबर घालून, शिफ्टच्या नोंदी लिहाव्यात तसं डायरीत लिहून घेतलं. मग पत्रक पुढे केलं. त्यात तीन मॉडेलं होती: बाल, घरगुती आणि राज.

"म्हणजे घरगुती चालन ना? राज जड पडते."

भय्याजींचं घरगुती मॉडेल त्यांनी त्याच आठवड्यात घेतलं. रविवारी सोनं सिद्ध झालं आणि सोमवारपासून घरात खड्डे पडू लागले.

बुधवारी संध्याकाळी मी गेलो तेव्हा दोन खड्डे कंबरेएवढे झाले होते. भय्याजी खुर्चीवर बसून चहा पीत होते आणि नेहमीची गर्दी होतीच. तुळसावहिनी, म्हणजे शामरावांच्या पत्नी, मला पाहताच म्हणाल्या, "भाऊजी, यायले काई सांगा! दोन महिने झाले, प्लास्टरची वाट पाहून राहिली मी. हे घरच खणून राहिले."

"मी सांगितलं होतं, वहिनी."

"काय सांगतलं होतं?"

मी दोन वस्तू लपवण्याचं पुन्हा सांगितलं. वहिनी आठवीपर्यंत शिकलेल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मडकं घेतो तं वाजवून पाह्यतो. याले कोनी वाजवलंच नाई?"

त्या आत गेल्या आणि दोन टोपल्या पालथ्या घालून आल्या. एकीखाली त्यांची सोन्याची पाटली, दुसरीखाली सांडशी. कोणती कुठं, हे फक्त त्यांना माहीत.

"भय्याजी, बताओ सोना किधर है?"

भय्याजी हसले. चकती पहिल्या टोपलीवर फिरली, डबा ओरडला. दुसरीवर फिरली, डबा ओरडला. भय्याजींनी डोळे मिटले, दुसऱ्या टोपलीवर तोच "मीठा" सूर लावला आणि म्हणाले, "यहाँ."

वहिनींनी टोपली उचलली. सांडशी.

गर्दी हसली. मला वाटलं, संपलं. पण भय्याजींचा चहाचा कपसुद्धा हलला नाही. "माताजी, आपने दोनों पास-पास रखे. लोहे पर सोने की छाया पड़ गई." गर्दी हसायची थांबली. दोघंतिघं मान डोलवू लागले.

मग मी यंत्र हातात घेतलं. मुठीखाली, अंगठा जिथं टेकतो तिथं, रेडिओला असतं तसं एक बटण होतं. ते फिरवलं की सूर जाड होई, उलटं फिरवलं की गोड. मी सगळ्यांना दाखवलं, दोघांना फिरवायलाही दिलं. नंतर मी चकती जमिनीपासून उचलली आणि कोपऱ्यातल्या कॉलमला छातीच्या उंचीवर टेकवली. डबा ओरडला. डोक्याच्या उंचीवर नेली. डबा आणखी ओरडला.

"सोनं आता डोक्याएवढं वर आलं, शामराव," मी म्हणालो. "सहा जागा, सहा कॉलम. कॉलममध्ये काय असतं, ते या पोलादाच्या गावात मी तुम्हाला सांगायचं?"

शामरावांनी कॉलमवर हात ठेवला. "सळया," ते म्हणाले. "बारा एमएम. मीच उभा राहून बांधून घेतल्या."

"मग?"

"मंग, सळया तं माह्या आहेत." ते खड्ड्यात पाहत होते. "पन त्याच्या खाली काय आहे, हे यंत्राले कोठी दिसून राहिलं?"

मी बी.एस्सी. असूनही वाकून खड्ड्यात पाहिलं.

खड्ड्याच्या तळाशी काँक्रीटची चौकोनी पाटी उघडी पडली होती. कॉलम ज्यावर उभा असतो, ती फूटिंग. एप्रिलमध्ये शामरावांनी स्वतः डोक्यावर ओला टॉवेल घेऊन ती ओतून घेतली होती. भय्याजी वाकले आणि हळूच म्हणाले, "ढक्कन मिल गया."

"अहो, हे शामरावांनीच टाकलंय!" मी ओरडलो.

"इन्होंने नहीं डाला, बाबूजी. इनसे डलवाया गया."

एवढं बोलून त्यांनी शामरावांकडे पाहिलं, आणि शामरावांच्या चेहऱ्यावर मला सव्वीस वर्षांत कधी न दिसलेला अभिमान दिसला. त्यांच्या हातून काहीतरी करवून घेतलं गेलं होतं.

मी ओव्हरसियरांना म्हणालो, तुम्ही तरी सांगा. एक म्हणाला, "सर, टेक्निकली आप सही हैं. लेकिन देख लेने में क्या हर्ज है?" वहिनींनी फावडं लपवलं. कोणीतरी दुसरं आणून दिलं. मी दोन संध्याकाळी तिथं उभा राहिलो, नको नको म्हणत राहिलो, आणि लोक मला अदबीनं बाजूला सरकवून माती बाहेर टाकत राहिले. ढकलणारे सगळे "नमस्ते सर" म्हणत होते.

शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या फूटिंगखालची माती काढून झाली. भय्याजी तोवर एका महत्त्वाच्या पूजेसाठी राजनांदगावला गेले होते. नऊच्या सुमाराला स्वयंपाकघरात खाट उलटल्यासारखा आवाज झाला. सुदैवानं खड्ड्यात कोणी नव्हतं. फूटिंगखाली मुरूम होता आणि मुरमाखाली मुरूम.

शामराव त्या कोपऱ्याकडे तोंड करून विटांवर बसले होते. वहिनी त्यांच्याजवळ गेल्या आणि त्यांच्या पाठीवरची माती पदरानं झटकत राहिल्या.

यंत्र खरंच धातू शोधतं, आणि कोणाला हौस असली तर त्यानं ते जरूर घ्यावं. फक्त कोणी त्यातून सोनं बोलवून दाखवू लागला, तर आधी दोन टोपल्या मागवा. त्याचं उत्तर चुकलं की ते चुकलं असं मोठ्यानं म्हणा, आणि त्यापुढची त्याची वाक्यं ऐकायला थांबू नका. आम्ही दीडशे माणसं थांबलो. चमत्काराला एवढंच पुरतं.

दुपारी इंजिनिअर येऊन मोजून गेला. स्वयंपाकघराचा कॉलम सव्वादोन इंच खचला होता.